रुग्णालयांतील गटपद्धति : परिचारिकेच्या दृष्टीनें

घरांतील कोणी आजारी पडून रुग्णालयांत दाखल झालें, कीं आपण सर्वप्रथम एकच प्रश्न विचारतों : डॉक्टर कोण आहेत? डॉक्टरांचें नांव, त्यांची पदवी, त्यांचा हातगुण यांची चौकशी आपण मोठ्या कसोशीनें करतों. परंतु ज्या वॉर्डांत आपला रोगी रात्रंदिवस पडून राहणार, त्या वॉर्डांतील काम कोणत्या रीतीनें वांटून दिलेलें आहे, हा प्रश्न बहुधा कोणीच विचारीत नाहीं. वास्तविक डॉक्टर रोग्यापाशीं कांहीं मिनिटें असतात. उरलेला सारा वेळ तो परिचारिकांच्या स्वाधीन असतो. औषध वेळेवर पोंचलें कीं नाहीं, श्वास जड झालेला कोणाच्या ध्यानांत आला, कूस कोणी बदलली, या गोष्टी डॉक्टरांच्या पदवीवर नव्हे, तर परिचारिकांच्या कामाच्या व्यवस्थेवर अवलंबून असतात. ही व्यवस्था कशी असते, तींत 'टीम' अथवा आपल्या भाषेंत 'गट' करून काम करण्याची पद्धति कोठून आली, आणि मुख्य म्हणजे स्वतः परिचारिकांना तिजविषयीं काय वाटतें, हें आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचें आहे.

श्रोतेहो, मी पेशानें शाळामास्तर. वैद्यकाचें शास्त्र मला अवगत नाहीं. पण मी राहतों त्या सक्करदऱ्यापासून नागपूरचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला सारें शहर नुसतें 'मेडिकल' म्हणतें, तें फारसें दूर नाहीं. पाळी संपवून घरीं परतणाऱ्या परिचारिका या आमच्या शेजारपाजारच्याच. कित्येकींचीं मुलें माझ्या हाताखालीं शिकलीं. त्यांच्याशीं वेळोवेळीं झालेलें बोलणें आणि या विषयावर जें थोडेंबहुत वाचलें तें, एवढ्याच शिदोरीवर मी बोलत आहें.

प्रथम वॉर्डांतील उतरंड समजून घेऊं. आपण पांढरा पोषाख दिसला कीं सरसकट 'सिस्टर' अशी हांक मारतों. या सेवेंत पुरुषही आहेत, त्यांना 'ब्रदर' म्हणतों. परंतु महाराष्ट्रांतील शासकीय रुग्णालयांत या सर्वांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. सर्वांत वर अधिसेविका, म्हणजे मेट्रन. तिच्या हाताखालीं एकेक वॉर्ड सांभाळणारी परिसेविका. तिच्या हाताखालीं प्रत्यक्ष शुश्रूषा करणारी अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स. आणि यांच्या मदतीस शिकाऊ विद्यार्थिनी, कक्षसेवक, आया व सफाईगार. या उतरंडीचें मूळ बरेंच जुनें आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल या बाईंनीं १८५४ सालीं क्रिमियाच्या युद्धांत स्कुटारी येथील लष्करी इस्पितळांत काम केलें, आणि १८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत परिचारिकांची शाळा काढली. तेथील शिस्त पुढें जगभर पसरली. आपल्याकडे मुंबईंत १८९१ सालीं काशीबाई गणपत नांवाच्या बाई हें शिक्षण घेण्यास पुढें आल्या; त्यासाठीं येणाऱ्या हिंदी स्त्रियांत त्या पहिल्या, अशी भारतीय परिचर्येच्या इतिहासांत नोंद आहे. परक्या पुरुषाची सेवा करणारी बाई समाजाच्या टीकेचा विषय होई, त्या काळीं या लष्करी थाटाच्या शिस्तीनें तिला संरक्षण दिलें व प्रतिष्ठाही दिली. हें श्रेय उतरंडीला दिलेंच पाहिजे. परंतु तिच्यांत एक दोष राहून गेला. हुकूम वरून खालीं सहज उतरतो. माहिती मात्र खालून वर चढतांना दमून जाते.

आतां प्रत्यक्ष काम कसें वांटतात तें पाहूं. समजा, चाळीस खाटांचा एक वॉर्ड आहे आणि सकाळच्या पाळीला पांच परिचारिका आहेत. कामाची वांटणी तीन प्रकारें करतां येते.

पहिली रीत कामवार वांटणीची. एकीनें चाळीसही रोग्यांना गोळ्या द्यावयाच्या, दुसरीनें इंजेक्शनें व सलाइन पाहावयाचें, तिसरीनें मलमपट्टी करावयाची, चौथीनें ताप, नाडी व रक्तदाब यांची नोंद घ्यावयाची, पांचवीनें दप्तर सांभाळावयाचें. ही शाळेंतील विषयशिक्षकांची पद्धत झाली. गणिताचा मास्तर येतो, गणित शिकवून जातो. मुलगा तीन दिवस उपाशीपोटीं शाळेंत येत आहे हें कोणाच्याच लक्षांत येत नाहीं, कारण तो कोणाचाच विषय नव्हे. दुसरी रीत रोगीवार वांटणीची. आठ रोगी एकीचे, आठ दुसरीचे. त्यांचें सर्व कांहीं तिनेंच पाहावयाचें. ही वर्गशिक्षकाची पद्धत. तींत रोग्याला आपलें माणूस मिळतें; परंतु परिचारिका कसलेली पाहिजे आणि संख्या पुरेशी पाहिजे. तिसरी रीत गटाची. वॉर्डाचे दोन भाग करावयाचे. प्रत्येक भागावर दोघीतिघींचा गट आणि त्यावर एक अनुभवी परिचारिका प्रमुख. कोणीं काय करावयाचें हें तिनें ज्याच्या-त्याच्या कुवतीप्रमाणें ठरवावयाचें. परंतु त्या भागांतील प्रत्येक रोग्याची माहिती गटांतील प्रत्येकीला असली पाहिजे.

आपल्या देशांत पहिली रीत रुजली ती आवडीनें नव्हे, टंचाईमुळें. १९४६ सालच्या भोर समितीच्या अहवालांत, या देशांत ४३,००० लोकांमागें एक परिचारिका आहे, असा हिशेब दिलेला आहे. इतक्या थोड्या हातांनीं इतकें काम उरकावयाचें म्हटलें कीं एकेका कामाचा घाणा चालविण्यावांचून गत्यंतर नसतें. पुढच्याच वर्षीं, १९४७ सालीं, भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. आमचें मेडिकलही त्याच सालचें. शिक्षण वाढलें, नोंदणी झाली, परंतु कामवार वांटणीची संवय अंगवळणीं पडली ती पडलीच.

गटाची कल्पना अमेरिकेंतून आली, आणि तीही टंचाईच्याच पोटीं. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथें शिकलेल्या परिचारिका अपुऱ्या आणि अर्धशिक्षित मदतनीस पुष्कळ, अशी स्थिति झाली. तेव्हां न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजांतील एलिनॉर लँबर्टसन या विदुषीनें गटपद्धतीची शास्त्रशुद्ध मांडणी केली; तिचा या विषयावरील ग्रंथ १९५३ सालीं प्रसिद्ध झाला. शिक्षक तयार करणाऱ्या संस्थेंतून ही कल्पना निघावी, याचें मास्तर या नात्यानें मला कौतुक वाटतें. कारण या पद्धतीचा प्राण वांटणींत नाहीं, तर शिकण्या-शिकविण्यांत आहे. दररोज गटानें दहा-पंधरा मिनिटें एकत्र बसावें, एकेका रोग्याचा विचार करावा, आयेनें पाहिलेली गोष्टही प्रमुखानें ऐकून घ्यावी, अशी त्यांत योजना आहे. ही बैठक गळाली, कीं गटाचें नुसतें नांव राहतें व आंत कामवार वांटणीचें जुनेंच गाडें चालूं लागतें. पुढें १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठाच्या रुग्णालयांत मेरी मँथी व तिच्या सहकारिणींनीं याच कारणानें गटपद्धति सोडून, एका रोग्याची जबाबदारी एकाच परिचारिकेवर सोंपविण्याचा प्रयोग केला. म्हणजे गटपद्धति हा या प्रश्नावरील शेवटचा शब्द नव्हे, हें आरंभींच ध्यानांत ठेवलेलें बरें.

आतां परिचारिकांना स्वतःला काय वाटतें? मीं ऐकलेल्या बोलण्याचा गोषवारा सांगतों. गट ही कल्पनाच नावडती आहे असें म्हणणारी परिचारिका मला अद्याप भेटलेली नाहीं. नव्यानें नोकरीस लागलेल्या मुलीला तर गट म्हणजे माहेर वाटतें. शंका आली तर विचारावयास कोणी आहे, हात थरथरला तर सांवरावयास कोणी आहे, रोगी दगावला तर दोन शब्द बोलावयास कोणी आहे, हा आधार कोणत्याही परिपत्रकानें मिळत नाहीं. वयस्क परिचारिकांनाही आपलें ज्ञान दुसरीच्या हातीं देण्याचें समाधान त्यांत मिळतें. असें असूनही 'आतां यापुढें गटानें काम करावयाचें' असा वरून हुकूम आला, कीं त्यांच्या कपाळाला आठी पडते. हा विरोधाभास वरकरणी चमत्कारिक दिसतो. परंतु त्यामागील कारणें ऐकलीं म्हणजे उलगडा होतो.

पहिलें कारण संख्येचें. भारतीय परिचर्या परिषदेच्या प्रमाणाप्रमाणें वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांत ३ खाटांमागें १ आणि इतर सर्वसाधारण रुग्णालयांत ५ खाटांमागें १ परिचारिका असावी, शिवाय रजेच्या सोयीसाठीं ३० टक्के अधिक असाव्या. तीन पाळ्यांत हें प्रमाण विभागलें, तर शिक्षणरुग्णालयांत एका पाळीला सुमारें ९ रोग्यांमागें एक परिचारिका येते. आपल्या चाळीस खाटांच्या वॉर्डाला चार-पांच. ज्या रात्रीं त्या वॉर्डांत एकटी परिचारिका उभी असते, त्या रात्रीं गट कोणाचा करावयाचा? एकीचा गट होत नाहीं. २००२ सालीं लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकेच्या पेनसिल्व्हानिया राज्यांतील १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांच्या बाबतींत त्यांना असें आढळलें, कीं परिचारिकेच्या वांट्याला एकेक रोगी अधिक येत गेला कीं ३० दिवसांच्या आंत मृत्यु येण्याचा संभव सुमारें ७ टक्क्यांनीं वाढत जातो. तेव्हां संख्येची मागणी ही आरामाची मागणी नव्हे. तींत रोग्यांचे प्राण गुंतलेले आहेत.

दुसरें कारण अधिकाराचें. गटप्रमुख म्हणून जबाबदारी दिली जाते. परंतु चादरी संपल्या, प्राणवायूची नळी नादुरुस्त झाली, कक्षसेवक आला नाहीं, तर त्याबाबत कांहीं करण्याचा अधिकार तिजकडे नसतो. ती चिठ्ठी लिहिते; चिठ्ठी वर जाते. रोग्याचे नातेवाईक मात्र समोर तिच्यावरच संतापतात. जबाबदारी खालीं उतरली आणि अधिकार वरच राहिला, तर गट हें केवळ दोष वांटून देण्याचें साधन होतें. 'दोन्ही घरचा पाहुणा उपाशी' या म्हणीप्रमाणें गटाचा रोगी कोणाचाच नव्हे, असें होण्याची भीति परिचारिका स्वतःच बोलून दाखवितात. म्हणून त्यांचें म्हणणें असें, कीं काम गटाचें असावें, पण प्रत्येक रोग्यापुढें एकीचें नांव लिहिलेलें असावें.

तिसरें कारण डॉक्टरांच्या संबंधींचें आहे. गट म्हणतांना डॉक्टर त्यांत धरावयाचे कीं नाहीं? परिचारिकेचा अनुभव असा, कीं सभेंत धरतात, वॉर्डांत विसरतात. या बाबतींत शस्त्रक्रियागृहांतील एक सुधारणा बोधप्रद आहे. २००८ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें शस्त्रक्रियेसाठीं एक तपासणीयादी प्रसृत केली. चाकू लावण्यापूर्वीं उपस्थित प्रत्येकानें आपलें नांव व काम मोठ्यानें सांगावयाचें, रोगी कोण, शस्त्रक्रिया कोणती व कोणत्या बाजूची, हें सर्वांनीं मिळून पडताळावयाचें; अखेरीस उपकरणें व कापडी घड्या मोजून परिचारिकेनें हिशेब द्यावयाचा. दिल्लीसह जगांतील आठ शहरांत ही यादी वापरून पाहिली. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत मृत्यूचें प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलेलें आढळलें. यादी म्हणजे एक कागद. परंतु त्या कागदानें सर्वांत कनिष्ठ व्यक्तीलाही 'थांबा' म्हणण्याची मुभा दिली. जी परिचारिका 'थांबा' म्हणूं शकते, तीच खऱ्या अर्थानें गटांत आहे; बाकीच्या हुकमाच्या ताबेदार.

चौथें कारण स्थैर्याचें. गट म्हणजे परस्परांच्या हाताची ओळख, आणि ती ओळख पडावयास काळ लागतो. आज या वॉर्डांत, उद्यां त्या वॉर्डांत. निम्म्या कायम, निम्म्या कंत्राटी. एकाच कामाला दोन वेतनें. अशा स्थितींत गट जुळत नाहीं. महाराष्ट्रांतील शासकीय परिचारिकांनीं २०२२ सालच्या मे महिन्यांत संप केला, तेव्हां बाह्य संस्थेमार्फत पदें भरण्यास विरोध ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. वर्तमानपत्रें वाचतांना आपणांपैकीं कित्येकांना तो केवळ नोकरीचा प्रश्न वाटला असेल. परंतु वॉर्डाच्या बाजूनें पाहिलें, तर शेजारीं काम करणारी बाई पुढील महिन्यांत असेल कीं नाहीं, हा रोग्याचाही प्रश्न आहे.

या सर्वांची कसोटी लागते ती पाळी बदलतांना. दिवसांतून तीनदां वॉर्ड एका गटाच्या हातून दुसऱ्या गटाच्या हातीं जातो, आणि हातांतून कांहीं निसटण्याचा संभव याच वेळीं अधिक. घराकडे निघालेली परिचारिका थकलेली, येणारी घाईंत. यासाठीं एक साधी रीत आतां पुष्कळ देशांत शिकवितात. ती मूळची अमेरिकन पाणबुड्यांवरील नाविकांची. चार गोष्टी क्रमानें सांगावयाच्या : आतां रोग्याची स्थिति काय, त्याचें पूर्ववृत्त काय, मला काय वाटतें, आणि तूं काय करावेंस. यांपैकीं तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. 'सात नंबरचा ताप १०१' ही झाली नोंद. 'ताप कमी आहे, पण मुलगा दुपारपासून गप्प आहे, मला तें बरें वाटत नाहीं' ही झाली राखण. आकडे कागदावर उतरतात. काळजी मात्र तोंडानेंच सोंपवावी लागते, आणि त्यासाठीं पाळ्यांच्या मध्यें पंधरा मिनिटांचा अवकाश द्यावा लागतो. गटपद्धति मागणाऱ्यांनीं प्रथम हीं पंधरा मिनिटें दिलीं पाहिजेत, असें परिचारिका म्हणतात तें यासाठींच.

योग्य परिस्थिति मिळाली, तर परिचारिका गट किती उत्तम चालवितात याचीं दोन उदाहरणें देतों. पहिलें हॉलंडचें. तेथें २००६ सालीं योस दे ब्लोक या गृहस्थानें, जो स्वतः परिचारक होता, 'ब्यूर्टझोर्ग' नांवाची संस्था काढली. त्या शब्दाचा अर्थ 'शेजारची काळजी' असा आहे. घरोघर जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांचे जास्तींत जास्त बारा जणींचे गट, आणि त्यांवर मुकादम कोणी नाहीं. रोगी कोणते घ्यावयाचे, पाळ्या कशा लावावयाच्या, नवी सहकारीण कोण घ्यावयाची, हें गटानेंच ठरवावयाचें. अडल्यास सल्ला देणारा मार्गदर्शक असतो, हुकूम देणारा नसतो. चौघांनीं सुरू केलेल्या या कामांत पुढें हजारों परिचारिका आल्या. अर्थात् घरीं जाऊन करावयाची शुश्रूषा आणि गजबजलेला वॉर्ड यांत अंतर आहे, आणि ही पद्धति जशीच्या तशी आमच्या मेडिकलमध्यें आणतां येईल असें मी म्हणत नाहीं. पण विश्वास टाकला तर तो फुकट जात नाहीं, इतकें त्यावरून दिसतें.

दुसरें उदाहरण आपल्या महाराष्ट्राचें, आणि तें अधिक हृदयस्पर्शी आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयांतील तरुण परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं तेथील एका कामगारानें अमानुष हल्ला केला. त्यानंतर त्या पुन्हां भानावर आल्या नाहींत. त्याच रुग्णालयाच्या वॉर्डांत त्यांच्या सहकारिणींनीं त्यांना सांभाळलें. १९८० नंतरच्या दशकांत ती खाट मोकळी करण्यासाठीं त्यांना अन्यत्र हलविण्याचे प्रयत्न महापालिकेनें दोनदां केले. परिचारिकांनीं विरोध केला आणि तो बेत सोडून द्यावा लागला. १८ मे २०१५ रोजीं अरुणाबाई वारल्या. ४१ वर्षांहून अधिक काळ! एवढ्या अवधींत नोकरीची एक सबंध पिढी निवृत्त होते. ज्यांनीं त्यांना हिंडतां-फिरतांना पाहिलें होतें त्या गेल्या; ज्यांनीं कधींच पाहिलें नव्हतें त्या आल्या; तरी कूस बदलण्याचें, भरविण्याचें, अंग पुसण्याचें काम एका पाळीकडून दुसऱ्या पाळीकडे, एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात राहिलें. इतकीं वर्षें अंथरुणाला खिळलेल्या देहाला शय्याव्रण झालेलें नाहीं, याची सर्वोच्च न्यायालयानें ७ मार्च २०११ रोजींच्या निकालांत प्रशंसापूर्वक नोंद घेतली. आणि अरुणाबाईंच्या वतीनें बोलण्याचा अधिकार, त्यांच्यासाठीं अर्ज करणाऱ्या लेखिकेचा नसून, केईएमच्या सेवकवर्गाचा आहे, असें ठरविलें. दयामरणाच्या वादांत मी येथें शिरत नाहीं. मला दाखवावयाचें आहे तें इतकेंच, कीं हा गट कोणत्याही परिपत्रकानें निर्माण झालेला नव्हता. 'ही आमची आहे' या एका जाणिवेवर तो उभा होता, आणि त्यांतील प्रत्येकीला आपली पाळी ठाऊक होती.

तेव्हां परिचारिकांचें मत एका वाक्यांत सांगावयाचें तर असें सांगतां येईल : काम वांटून दिल्यानें गट होत नाहीं, माहिती, अधिकार आणि आपलेपणा वांटून दिल्यानें गट होतो. पहिली गोष्ट वरिष्ठांना फुकट पडते; दुसरीसाठीं माणसें नेमावीं लागतात, वेळ द्यावा लागतो आणि आपल्या हातांतील थोडी सत्ता सोडावी लागते. म्हणूनच पहिली वारंवार होते आणि दुसरी क्वचित्.

आपण श्रोते या बाबतींत काय करूं शकतों? तीन गोष्टी सहज करण्यासारख्या आहेत. रोगी दाखल झाल्यावर डॉक्टरांप्रमाणेंच, या पाळीला आमच्या रोग्याकडे कोण पाहतात, हें अदबीनें विचारून घ्यावें. नांव विचारल्यानें परिचारिकेचा मान वाढतो व उत्तरदायित्वही निश्चित होतें. पाळी बदलण्याच्या घटकेला वॉर्डांत गर्दी करूं नये व प्रश्नांचा भडिमार करूं नये. ती घटका रोग्याच्या हिताची असते. आणि चादर मिळाली नाहीं, खाट मिळाली नाहीं, म्हणून समोर उभ्या असलेल्या मुलीवर आवाज चढविण्यापूर्वीं, हें तिच्या अधिकारांतील आहे काय, एवढा विचार करावा. नसेल तर तक्रार लेखी करून, ज्याच्या अधिकारांतील आहे त्याच्याकडे द्यावी. तिची अडचण आणि आपली तक्रार पुष्कळदां एकच असते, हें तेव्हां आपल्या ध्यानांत येईल.

वर्गांत पन्नास मुलें असलीं तरी प्रत्येकाला नांवानें ओळखणारा एक तरी शिक्षक असावा, अशी पालकांची अपेक्षा असते, आणि ती रास्त आहे. रोगीही दुसरें कांहीं मागत नाहीं. रात्रीं दोन वाजतां जाग आल्यावर, आपण कोण आहों हें ठाऊक असलेलें एक माणूस जवळ असावें, एवढीच त्याची मागणी असते. आणि तसें माणूस होण्याइतकी सवड आपल्याला मिळावी, हीच परिचारिकेची. या दोन मागण्या ज्या दिवशीं एकमेकींस भेटतील, त्या दिवशीं गटपद्धति वेगळी शिकविण्याची गरज उरणार नाहीं.